होड्या : नग तीन

"थंय चढा नको," यशोदा म्हणाली.

गुरुदास चढला. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि बायको नको म्हणाली की ते करायचंच, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. घरालगतच्या परड्यात, माडांच्या सावलीला, एक लांबलचक उंचवटा होता. वरून झावळं टाकलेली, झावळांवर यशोदेच्या कोहळ्याचा वेल पसरलेला. गुरुदास त्याला लाकडांचा ढीग म्हणायचा. गेले आठ दिवस तो रोज सकाळी या ढिगावर उभा राहून भाषणाचा सराव करत होता. आजही त्यानं दोन कोहळ्यांच्या मधे पाय रोवले, घसा खाकरला आणि समोरच्या कोंबड्यांकडे पाहून हात वर केला.

"अध्यक्ष महाराज, बंधू आणि भगिनींनो! सत्याचा शोध घेणाऱ्याला झोप कसली?"

"आणि दुपारी दोन तास घोरतास ता मगे काय?" यशोदा विळीवर बांगडे साफ करता करता म्हणाली.

"गो, ह्या भाषण आसा. भाषणात तसाच म्हणूचा लागता."

गुरुदास वायंगणकराचा पोटापाण्याचा धंदा स्टँप व्हेंडरचा. मालवणच्या कचेरीबाहेर एक पेटी घेऊन तो बसायचा, स्टँप विकायचा, अडल्यानडल्याचे अर्ज लिहून द्यायचा. पण कोणी विचारलंच तर तो स्वतःला वार्ताहर म्हणवून घ्यायचा. 'गलबत' नावाच्या साप्ताहिकाला तो तारकोंड गावच्या बातम्या पाठवी आणि त्याबद्दल त्याला एक अंक फुकट मिळे. 'मोकाट गुरांचा उपद्रव', 'पोस्टाची पेटी गळते', 'आरोंद्याजवळ सर्पदंश; इसम बचावला' असलं त्याचं आजवरचं लिखाण. मग आलं एकसष्ट साल, आणि तारकोंडची होडी हरवली.

तारकोंडची खाडी ओलांडायला पंचायतीची एकच होडी. पाऊस लागला की ती वल्हवणारा शिवा तारी माणसं लावून ती पाण्यातून वर ओढायचा, धक्क्यावरच्या मांगरात, म्हणजे खोपटात, ठेवायचा, वर झावळं घालायचा आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात लोटायचा. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला लोक धक्क्यावर जाऊन पाहतात तर मांगर पावसात भुईसपाट झालेला, होडीचा पत्ता नाही आणि शिवाचाही नाही. शिवा मुंबईला भावाकडे गेला होता. पंचायतीच्या रजिस्टरात मात्र कारकून दत्तारामतात्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : 'होडी, नग एक. धक्क्यावरील मांगरात ठेवली. प्रत्यक्ष पाहून खात्री केली.'

एवढं गुरुदासला पुरलं. 'होडी गेली कुठे?' या मथळ्याखाली त्यानं लागोपाठ तीन अंक गाजवले. त्यासाठी तो काय थोडा फिरला? कचेरीत विचारलं, कोळ्यांना विचारलं, पलीकडच्या तीरावर घरोघर विचारलं. एवढंच काय, तळेऱ्याच्या नाक्यावर जाऊन तिथल्या ट्रकवाल्यांना विचारून आला, की एखादी होडी ट्रकवर चढवून नेताना कोणी पाहिली काय. गावात ज्याला विचारावं तो खाली मान घालून "माका काय म्हायत नाय बा" म्हणे आणि चालू लागे. त्यावरून गुरुदासनं लिहिलं, 'सारा गाव दहशतीखाली आहे. परंतु दत्ताराम कारकुनांच्या रजिस्टराला कंठ फुटल्याशिवाय राहणार नाही!'

कंठ फुटला. वरच्या कचेरीत आरडाओरडा झाला, दिवाळीच्या आत तारकोंडला नवीकोरी होडी आली आणि दत्तारामतात्यांना खुलासा होईपर्यंत घरी बसायला सांगण्यात आलं. तात्यांची अडतीस वर्षं नोकरी झाली होती, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. बाजारात त्यांना 'होडीचोर' म्हणायला परगावचे लोक शिकले. त्यांच्या मुलीचं, सुशीलाचं, लग्न जामसंड्याला ठरत आलं होतं, त्या पाहुण्यांनी "सध्या थांबू" असं कळवलं. एकदा भर उन्हाळ्यासारख्या उन्हात तात्या छत्री पार नाकापर्यंत खाली ओढून बाजारातून जाताना गुरुदासला दिसले. त्याला जरा कसंतरीच झालं. पण सत्य म्हटलं की कोणालातरी लागायचंच, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि ते वाक्य चांगलं वाटलं म्हणून भाषणात घातलं.

भाषण कसलं, तर मुंबईच्या एका वृत्तपत्र मंडळानं या वर्षी खेड्यापाड्यांतल्या वार्ताहरांसाठी शोधवार्तेचं पारितोषिक ठेवलं होतं आणि पहिलंच पारितोषिक गुरुदासला मिळालं होतं. मंडळाचे अध्यक्ष स्वतः तारकोंडला येणार होते. शाल, श्रीफळ आणि विषयाला धरून असावी म्हणून खास घडवून घेतलेली वीतभर लांबीची चांदीची होडी. समारंभ रविवारी. आज शुक्रवार.

"बंधू आणि भगिनींनो, मी प्रत्येक दार ठोठावलं!" गुरुदासनं पाय आपटला. खालून पोकळ आवाज आला. त्याला तो आवडला, म्हणून त्यानं पुन्हा आपटला.

एवढ्यात कवाडीतून एक माणूस आत आला. डोक्याचा चकचकीत गोटा, गालफडं बसलेली, काखेत बोचकं.

"वैनी, बरी आसास मां?"

"अरे, शिवा तू?" यशोदा उठलीच. "काय रे ही दशा?"

"टायफाइड झाललो, वैनी. दोन म्हयने हास्पिटलात. मगे भावान गिरणीत चिकटवल्यान, ता काय माका जमला नाय. इलंय परत." त्यानं बोचकं खाली ठेवलं. "होडी काढूक इलंय."

"खंयची होडी रे?" गुरुदासनं वरून विचारलं.

शिवानं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या पायांकडे पाहिलं.

"तुमी उबे आसात ती," तो म्हणाला.

गुरुदास खाली कसा उतरला ते त्याला नंतर आठवेना. एक कोहळा मात्र फुटला. त्यानं गुडघ्यांवर बसून झावळ वर केलं. आत डांबर लावलेली लाकडी फळी. दुसरं झावळ उचललं. पुढच्या टोकाशी पांढऱ्या रंगात अक्षरं होती : ग्रा. पं. तारकोंड.

"मांगराचो वासो कुजललो," शिवा सांगू लागला. "म्हटलंय, पावसात पडलो तर होडयेचो चुरो होतलो. म्हणान मुंबयक जाऊच्या आदल्या दिसा आठ जणांनी उचलून हंय आणली. वैनीक इचारलंय मी."

गुरुदासनं बायकोकडे पाहिलं.

"तुमका इचारलंय मी," यशोदा म्हणाली. "म्हटलंय, शिवा परड्यात होडी ठेयता म्हणता, ठेवंदे? तुमी लिवत होतास. मान वर नाय केलास. 'ठेव, ठेव' म्हणालास."

"काय लिवत होतंय मी?"

"गुरांचा कायतरी."

मोकाट गुरांचा उपद्रव. गुरुदासला अगदी तो दिवससुद्धा आठवला.

"अगो, पण मगे तीन तीन अंक मी लिवलंय, तळेऱ्यापर्यंत वणवण फिरलंय, तेवा तरी तोंड उघडूचा!"

"माका काय म्हायत?" यशोदा आता खरंच गोंधळली होती. "माका वाटला तुमका ठावक आसा! रोज उठून तिच्यार बसतास, तिच्यार शर्ट सुकत घालतास. होडी काय सुय आसा, दिसाची नाय? माका वाटला, गावाक दुसरी होडी मिळाची म्हणान तुमी मुद्दाम लिवतास. आख्ख्या गावाक तसाच वाटला. बावडेर पाणी भरूक गेल्यार बायका म्हणतत, 'यशोदे, तुजो घोव काय बेरकी गो! जुनी परड्यात झाकून ठेवल्यान आणि नवी सरकाराकडसून काढल्यान!' माजो किती मान वाढलो!"

"म्हणजे लोक माका 'म्हायत नाय' म्हणत ते... घाबरून नाय?"

"हसाक येय म्हणान खाली बघीत."

गुरुदास मटकन होडीवरच बसला आणि लगेच चटका बसल्यासारखा उठला. आपल्याला लाज वाटते आहे, हे त्याला कळायला थोडा वेळ लागला, कारण इतकी लाज त्याला पूर्वी कधी वाटलीच नव्हती. गाव आपल्याला लबाड समजतो. आणि लबाड नाही म्हणावं, तर आपण मूर्ख आहोत. तिसरी जागाच नव्हती. मग त्याला आणखी एक गोष्ट सुचली.

"दत्तारामतात्यांका म्हायत आसा ह्या?"

यशोदा पुन्हा विळीवर बसली. "दिवाळेक कळला तेंका."

"मगे ते बोलाक नाय?"

"ता तुमी तेंकाच जावन इचारा."

तात्यांचं घर चार माडांपलीकडे होतं. गुरुदास दारापर्यंत गेला. आत सुशीला कोणाशी तरी बोलत होती. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं, मिटलं, आणि तसाच मागे फिरला. तळेऱ्याच्या ट्रकवाल्यांना विचारायला जी छाती पुढे काढून गेला होता, ती आज कुठे गेली कुणास ठाऊक.

रात्रभर तळमळून त्यानं एक युक्ती काढली. शनिवारी दुपारी, गाव जेवून आडवा झाला की होडी गुपचूप खाडीत लोटायची. शिवानं ती पलीकडच्या खारफुटीत नेऊन अडकवायची. आठवड्यानं कोणाला तरी ती 'सापडेल'. पुरात वाहून गेली होती म्हणायचं. तात्यांवरचा डाग जाईल, गुरुदासचं नाव राहील, चांदीची होडी राहील. सगळं व्यवस्थित. शिवाला हे पटलं नाही, पण आजारातून उठलेल्या माणसाला वाद घालायची ताकद नसते.

"पण दोघांका ती हलाची नाय," शिवा म्हणाला. "आठ माणसा व्हयी."

"मगे आण. पण आवाज नको."

शनिवारी दुपारी दोन वाजता आठ माणसं आली. तीच, जूनमध्ये ती होडी आणणारी. पुढारी महादू. त्याच्यामागे त्यांच्या बायका आल्या, बघायला. होडी उलटी होती ती सुलटी केली, तेव्हा यशोदेचा वेल तुटला आणि तिनं 'शिरा पडो तुज्या तोंडार' म्हणत महादूला शिव्या घातल्या. मग ओढायला सुरुवात झाली. आता, होडी गुपचूप ओढता येते अशी गुरुदासची समजूत होती; तो आयुष्यभर स्टँप विकत आलेला माणूस. आठ माणसांचा जोर एका वेळी लागायचा तर एकानं ओरडायला लागतं आणि सातांनी ओ द्यायला लागते.

"हेऽऽऽ हय्या!" महादू गरजला.

"हय्याऽऽ!" सातजण गरजले. निजलेला गाव उठून कुंपणाला लागला.

"हळू रे, मेल्यांनो, हळू!" गुरुदास त्यांच्याभोवती नाचत होता. होडी परड्याच्या मध्यापर्यंत आली होती, इतक्यात कवाडीशी मोटार थांबली. आतून 'गलबत'चे संपादक भाई उतरले, त्यांच्यामागून कोट-टोपीतले एक वयस्कर गृहस्थ आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक फोटोग्राफर.

"गुरुदास, अध्यक्षसाहेब एक दिवस आधीच आले!" भाई आनंदानं ओरडले. "म्हणाले, वार्ताहर घरी कसा राहतो, काम कसं करतो, ते पाहायचंय!"

अध्यक्षांनी होडी पाहिली, आठ घामाघूम माणसं पाहिली, कुंपणाला लागलेला गाव पाहिला. त्यांचा चेहरा उजळला.

"हीच ती होडी?"

प्रश्न साधा होता. त्याला खरं उत्तर 'होय' हेच होतं.

"होय," गुरुदास म्हणाला.

"तुमच्या लेखणीमुळे गावाला मिळाली ती!"

इथं मात्र 'नाही' म्हणायला हवं होतं. गुरुदासनं भाईंकडे पाहिलं, महादूकडे पाहिलं. महादू छताकडे पाहावं तसा माडाच्या शेंड्याकडे पाहत होता.

"होय," गुरुदास म्हणाला.

"वा! आणि गावानं ती मिरवत तुमच्या दारी आणली! काय ही लोकांची माया!" अध्यक्षांचे डोळे पाणावले. ते पुढे आले. होडीच्या टोकाशी अक्षरं होती, रंग उडालेली, सात-आठ वर्षांची जुनी. गुरुदासनं दांडीवरचं आपलं धोतर ओढलं, त्या टोकावर टाकलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिला.

"असेच उभे राहा!" फोटोग्राफर म्हणाला. "फार छान. जरा हसा."

गुरुदास हसला. तो फोटो पुढे कित्येक वर्षं भाईंच्या कचेरीत होता. त्यात यशोदा पदरात तोंड घालून उभी आहे, आठ जण छाती काढून उभे आहेत आणि गुरुदासच्या चेहऱ्यावर दाढ दुखत असल्याचा भाव आहे.

"भाई," अध्यक्ष म्हणाले, "शाळेच्या पडवीत समारंभ कशाला? उद्या इथंच करू. या होडीसमोर!"

कुंपणापलीकडून टाळ्या पडल्या. होडी जिथं होती तिथंच राहिली.

रविवारी सकाळी दहाला परड्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. होडीला आंब्याचे टहाळे बांधले होते. धोतर मात्र अजून टोकावरच होतं. ते काढायला गेलेल्या दोघांना गुरुदासनं हातानं थांबवलं होतं. टेबलावर शाल, श्रीफळ आणि चांदीची होडी. शीड, डोलकाठी, सुकाणू, सगळं होतं तिला. आदल्या आठवड्यात ही वस्तू कुठे ठेवायची यावरून गुरुदासनं यशोदेशी तासभर वाद घातला होता. आता तिच्याकडे त्याला बघवत नव्हतं.

आणि सगळ्यांच्या मागे, फणसाखाली, उघडी छत्री नाकापर्यंत ओढून, काखेत रजिस्टर मारून दत्तारामतात्या बसले होते. घरी बसवलं, तरी रजिस्टर ताब्यात घ्यायला अजून कोणी आलं नव्हतं. बोलावणं सर्व गावाला होतं, म्हणून ते आले होते. अडतीस वर्षांत त्यांनी पंचायतीच्या हद्दीतला एकही समारंभ चुकवला नव्हता.

अध्यक्ष चांगलं बोलले. शोधवार्ता म्हणजे काय, खेड्यातला वार्ताहर किती एकटा असतो, त्याला किती धोके असतात. शेवटी म्हणाले, "आणि म्हणूनच एका अप्रामाणिक कारकुनाचं पितळ उघडं पाडण्याचं धैर्य..."

छत्री आणखी एक वीत खाली गेली.

ते गुरुदासनं पाहिलं. भाषणाचा कागद त्याच्या हातात होता. सत्य म्हटलं की कोणालातरी लागायचंच, ही ओळ तिसऱ्या परिच्छेदात होती. तो उभा राहिला, कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आणि होडीच्या टोकावरचं धोतर ओढून काढलं.

"ही नवी होडी नाय," तो म्हणाला. शुद्ध मराठी त्याला सोडून गेली होती. "नवी थंय धक्क्यार आसा. ही जुनी. हरवलली. ती हरवाक नव्हती. जून म्हयन्यापासून माज्याच परड्यात होती. मी तिच्यार बसान लिवलंय, होडी गेली कुठे. माका म्हायत नव्हता. मी सगळ्यांका इचारलंय, माज्या बायलेक तेवडा इचारूक नाय. दत्तारामतात्यांनी होडयेक हात लावूक नाय. मी चोर नाय, तात्या चोर नायत. मी फकत गाढव आसंय."

मग महादू मोठ्यानं हसला.

"भाऊ, पुरे आता मस्करी!" तो ओरडला, आणि डोळ्यांनी खुणावू लागला. त्या खुणेचा अर्थ गावातल्या प्रत्येकाला कळला : हा माणूस असाच बोलत राहिला तर नवी होडी जाईल. झालं, सारा गाव हसू लागला. "काय बेरकी बोलता बगा!" "नकला करता!" बायका हसल्या, बाप्ये हसले, पलीकडच्या तीरावरून आलेले लोक तर पोट धरून हसले. बिचारे अध्यक्षही हसले, विनयाचा हा नवा प्रकार असावा म्हणून.

"अरे, मी खरा सांगतंय!" गुरुदास रडकुंडीला आला. "माका खरोखर म्हायत नव्हता! यशोदे, तू तरी सांग!"

यशोदा उठली. नवऱ्याचा गेले सहा महिने वाढलेला मान एका बाजूला आणि नवरा एका बाजूला. तिनं सुस्कारा टाकला.

"तेंका काय एक म्हायत नव्हता," ती म्हणाली. "घरात काय आसा ता तेंका कधीच म्हायत नसता."

गाव आणखीच हसला. गुरुदासला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आयुष्यात पहिल्यांदा तो पुराव्यानिशी बोलत होता, पुरावा बारा हात लांबीचा त्याच्यापुढे पडला होता, आणि कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

तेवढ्यात फणसाखालची छत्री उठली. गर्दीतून वाट काढत ती पुढे आली. हसणं हळूहळू विरलं.

"हसा नको," दत्तारामतात्या म्हणाले. "तो खरा बोलता."

"तुमका कसा म्हायत, तात्यानू?" महादूनं विचारलं.

"अडतीस वर्सा रजिस्टर लिवतंय. न बघता लिवणारो माणूस माका लांबसून कळता." तात्यांनी छत्री जराशी वर केली. डोळे लाल झाले होते. "मी पण तसाच केलंय. दर वर्सा होडी मांगरात ठेयत, मी आदल्या वर्साचा बघून लिवी. प्रत्यक्ष पाहून खात्री केली. कसली खात्री? पाऊस पडत होतो, मी घरात बसान लिवलंय. गुरुदास चुकलो, ता खरा. पण मी बघूक गेलंय असतंय तर तो चुकाचो नाय."

"पण तात्या, दिवाळेक तुमका कळला," गुरुदास म्हणाला. "मगे तुमी बोलाक नाय कित्याक? मी तुमचा येवडा वाटोळा केलंय."

"सांगूचा खूप मनात इला. रागय इलो तुजो, खोटा कित्याक बोलू? माका वाटला तू मुद्दाम केलंस." तात्यांनी खाडीकडे हात केला. "पण सांगल्यार नवी होडी परत जातली. पलतडची पोरा तिच्यातसून शाळेत येतत. नवी मोठी आसा; जुन्या होडयेत सगळी मावत नव्हती, अर्धी थंयच ऱ्हवत. ती बघलंय, आणि गप ऱ्हवलंय."

आता कोणी हसत नव्हतं. महादू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. गुरुदासनं मान खाली घातली ती घातलीच. लोकांनी मूर्ख म्हटलं असतं, लबाड म्हटलं असतं, तर त्यानं ऐकून घेतलं असतं. हे ऐकणं फार जड गेलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. गुरुदासनं टेबलावरची चांदीची होडी दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यापुढे धरली.

"ही परत न्या, साहेब."

"अहो, कशी नेऊ?" अध्यक्ष हताशपणे म्हणाले. "द्यायचा ठराव मंडळानं केलाय. परत घ्यायचा ठराव नाही. आणि तिच्यावर 'तारकोंड' कोरलंय, दुसऱ्या गावाला तरी कशी देऊ?" त्यांनी ती घेतली आणि पुन्हा टेबलावर ठेवली. मग भाईंच्या कानाशी लागून त्यांनी मोटार कुठे आहे ते विचारलं.

भाईंना गुरुदासनं गाठलं. "चौथो लेख देतंय. आता जा काय बोललंय ता सगळा. पयल्या पानार छापा. आणि दोन अंक जामसंड्याक पाठवा, तात्यांच्या पावण्यांकडे."

"छापतो," भाई म्हणाले. "मथळा?"

"होडी सापडली. आणि खाली माजा नाव मोठा घाला. ह्येच्या आदी मोठा घातलास, तेवड्याच."

मग पेटीतून त्यानं स्वतःच्या पैशाचा स्टँप काढला आणि होडीवरच कागद टेकून तात्यांच्या बाजूनं प्रतिज्ञापत्र लिहायला बसला. हे काम त्याला येत होतं. 'मी खाली सही करणार...' इथपासून सुरुवात केली आणि कुठंही अलंकार न वापरता अर्ध्या पानात संपवलं. नवी होडी वरच्या कचेरीनं परत मागितली तर काय, असं शिवानं विचारलं, तेव्हा महादू म्हणाला, "मागूक अर्ज लागतलो. अर्ज लिवणारो हो एकच." त्यावर सगळे पुन्हा हसले, पण हे हसणं निराळं होतं.

गर्दी पांगल्यावर तात्यांनी रजिस्टर उघडलं. पण लिहिण्याआधी ते धक्क्यावर चालत गेले, नव्या होडीला हात लावून आले. मग परड्यातल्या जुन्या होडीभोवती एक फेरी मारली, वाकून आत पाहिलं, छत्रीच्या टोकानं तळ ठोकला. मग लिहिलं : 'होड्या : नग तीन. नवी एक, धक्क्यावर. जुनी एक, वायंगणकर यांचे परड्यात. चांदीची लहान एक...'

"चांदीची खंय?" त्यांनी विचारलं.

गुरुदासनं टेबलाकडे पाहिलं. टेबल रिकामं. शाल होती, नारळ होता, होडी नव्हती. त्याच्या मनात क्षणात महादू येऊन गेला, फोटोग्राफर येऊन गेला, मोटारीचा ड्रायव्हर तर जरा रेंगाळलाच. मग त्यानं स्वतःच्या कानशिलात मारून घेतली आणि सरळ चुलीकडच्या दारात जाऊन उभा राहिला.

"अगो," तो खालच्या आवाजात म्हणाला, "चांदीची होडी खंय आसा, तुका म्हायत आसा?"

यशोदा पाठमोरी होती. तिनं सावकाश वळून पाहिलं.

"डालग्याखाली," ती म्हणाली. "कावळो उचलीत म्हणान झाकून ठेवलंय. बगा, इचारलास तर सांगलंय."

तात्या परसात गेले, कोंबड्यांचं डालगं उचललं, वाकून पाहिलं आणि तिथंच उभ्यानं ओळ पुरी केली. मग रजिस्टर गुरुदासपुढे धरलं. "आदी तू बग. मगे सही कर." गुरुदासनं तिन्ही होड्या पाहिल्या, मग सही केली. सहीखाली धंदा लिहायचा असतो.

"वार्ताहर लिवू?" तात्यांनी विचारलं.

"नको. स्टँप व्हेंडर लिवा."

तात्यांनी तसं लिहिलं, टीपकागद दाबला, रजिस्टर काखेत घातलं. कवाडीशी ते जरा थांबले. बारा वाजले होते, ऊन डोक्यावर चढलं होतं. त्यांनी छत्री मिटली, हातात धरली आणि बाजारातल्या रस्त्यानं घरी गेले.